सालाखाली बघा

सातारा आगारात एसटीचा वाहक म्हणून माझी नोकरी झाली. खांद्याला चामडी पिशवी आणि तिच्यात चिल्लर. उरलेले पैसे परत दिले, की एखादा प्रवासी नाणं उलटसुलट करून म्हणायचा, "मास्तर, हे नाही चालत. दुसरं द्या." नाणं बहुतेक वेळा अस्सल असायचं, फक्त ओळखीचं नसायचं.

नवखं नाणं हातात आलं, की मी आधी साल वाचतो आणि मग सालाखाली बघतो. तिथे बारीक हिरा असेल तर ते मुंबईच्या टांकसाळीत पाडलेलं. चांदणी असेल तर हैदराबादचं, गोल ठिपका असेल तर नोएडाचं. काहीच नसेल तर कोलकात्याचं. मुंबईची टांकसाळ फोर्टात, रिझर्व्ह बँकेसमोर, एकोणिसाव्या शतकापासून उभी आहे. नोएडाची सगळ्यांत धाकटी. तिथे 1988 साली नाणी पडू लागली.

खरी गंमत 1985 च्या रुपयात आहे. त्या काळात सुट्ट्यांचा दुष्काळ होता. वाणी सुट्ट्यांऐवजी पेपरमिंटच्या गोळ्या हातावर ठेवायचा आणि आम्ही तिकिटामागे बाकी लिहून द्यायचो. आपल्या टांकसाळी पुऱ्या पडेनात, म्हणून सरकारने परदेशातून नाणी पाडून आणली. त्या सालच्या काही रुपयांवर इंग्रजी 'एच' दिसतो. ते बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचे. काहींवर हिरा आहे, पण तो सालाच्या मधोमध नसून पहिल्या आकड्याखाली, म्हणजे एकाखाली आहे. हे रुपये वेल्समधल्या लॅन्ट्रिसंटचे, ब्रिटनच्या शाही टांकसाळीतले. हिरा दिसला म्हणून मुंबई म्हणाल तर फसाल. दक्षिण कोरियात पाडलेल्या 1985 च्या आठ आण्यांचंही तसंच. त्यांची चांदणी पहिल्या आकड्याखाली, हैदराबादची मधोमध. पुढे नव्वदीच्या अखेरीस पुन्हा हीच वेळ आली. 1997 चे काही रुपये मेक्सिकोहून आले आणि पाच रुपयांची काही नाणी मॉस्कोहून. त्या पाचावर रशियन लिपीत टांकसाळीची अक्षरं आहेत.

वेगळं नाणं बघून बिचकणं नवीन नाही. दुसऱ्या महायुद्धात तांबं वाचवायला 1943 पासून भोकाचा पैसा काढला. 1 एप्रिल 1957 ला दशमान पद्धत आली आणि चौसष्ट पैशांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. चार आण्यांचे सरळ पंचवीस पैसे झाले, पण एका आण्याचे सव्वासहा. तो पाव पैसा द्यायचा कुणी आणि घ्यायचा कुणी, यावर आमच्या आगारातल्या जुन्या वाहकांनी प्रवाशांशी घातलेले वाद मी चहाच्या टपरीवर पुष्कळ ऐकले. 1964 साली 'नया' शब्द गेला, नुसता पैसा राहिला. आणे मात्र तोंडातून अजून गेलेले नाहीत.

आमची खरी पंचाईत केली ती 2005 नंतर आलेल्या दोन रुपयांनी. आधीचं दोनाचं नाणं अकरा कोनी. गर्दीत, अंधारात, पिशवीत हात घातला की बोटांना कळायचं. नवं नाणं गोल, स्टीलचं, थेट रुपयाच्या वळणावर गेलेलं. त्यावर एकमेकांना छेदणाऱ्या रेघा आणि चार ठिपके होते. सरकारच्या मते ती विविधतेतली एकता, चार डोकी आणि एक अंग. लोकांना त्यात क्रूस दिसला आणि ओरड झाली. अंध प्रवाशांना रुपया आणि दोन रुपये वेगळे कळेनात, ही तक्रार मला जास्त रास्त वाटते. 2007 पासून हस्तमुद्रेची नाणी आली. रुपयावर अंगठा, दोनावर दोन बोटं.

दहाच्या नाण्याचा गोंधळ तर सगळ्यांनी पाहिला. दहा रेघांचं खरं, पंधरा रेघांचं खोटं, अशी आवई उठली आणि दुकानदार नाणं घेईनात. जानेवारी 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर केलं, की तोवर काढलेल्या दहाच्या नाण्यांचे चौदा नमुने आहेत आणि चौदाही चालतात. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी 2011 च्या जूनअखेर चलनातून गेली. आठ आणे आजही कायद्याने चालतात. ते घेणारा दुकानदार भेटणं कठीण, ही गोष्ट वेगळी.

नाणं वेगळं दिसलं म्हणून ते खोटं नसतं, तसंच ते लाखमोलाचंही नसतं. वैष्णोदेवीच्या पाच-दहाच्या नाण्याला लाखो रुपये देतो म्हणणारे आधी तुमच्याकडूनच नोंदणीचे पैसे मागतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये बजावलं आहे, की जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा संबंध नाही आणि त्यासाठी ती कुणाकडून शुल्क वा कमिशन घेत नाही. असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. नाणं आवडलं असेल तर डबीत ठेवा, नाहीतर बिनधास्त खर्च करा.