झुरळाचे नाव आणि गाव

इतिहासाच्या साधनांत ताम्रपट, नाणी व दप्तरे यांची गणना होते. स्वयंपाकघरातील झुरळाची कोणी करीत नाही. तथापि मानवी वस्तीबाहेर सहसा न आढळणारा हा कीटक माणसाच्या सामानाबरोबरच प्रवास करीत आला असल्याने त्याचा प्रसार ही एका अर्थी व्यापारमार्गांचीच नोंद होय. प्रस्तुत लेखात ‘जर्मन झुरळ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लहान, फिकट तपकिरी जातीचा विचार केला आहे.

कार्ल लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७६७ मध्ये या जातीस ‘जर्मॅनिका’ हे नाव दिले. त्याच्या थोडे आधी, १७५६ ते १७६३ या काळात, सप्तवार्षिक युद्ध झाले होते आणि त्यात रशिया व प्रशिया परस्परांविरुद्ध लढले होते. रशियन भाषेत या झुरळाला ‘प्रुसाक’ म्हणजे प्रशियन म्हणतात, तर जर्मन भाषेत त्यालाच ‘रशियन’ हे नाव पडले. या नावांचा उगम त्या युद्धाशी जोडला जातो. उपद्रवाचे खापर शेजाऱ्यावर फोडण्याची ही रीत जुनीच आहे. गरमीच्या रोगाला फ्रेंचांनी नेपल्सचे नाव दिले, तर इटालियनांनी फ्रेंचांचे. भावमिश्राच्या ‘भावप्रकाश’ या सोळाव्या शतकातील ग्रंथात तोच रोग ‘फिरंग’ म्हणून येतो. तेथे निदान रोगाची वाट तरी बरोबर ओळखली गेली होती. मराठीतील ‘झुरळ’ हा शब्द मात्र कोणत्याही देशावर आरोप करीत नाही.

२०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासाने या वादाला वेगळेच वळण दिले. सतरा देशांतील २८१ नमुन्यांच्या तुलनेवरून असे दिसते की, हे झुरळ सुमारे २,१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या परिसरात ‘ब्लाटेला असाहिनाई’ या उघड्यावर राहणाऱ्या जातीपासून वेगळे झाले. (या मूळ जातीचे वर्णनही १९८१ मध्ये जपानच्या ओकिनावा बेटावरून झाले आणि नाव एका जपानी कीटकशास्त्रज्ञाचे पडले!) तेथून ते सुमारे १,२०० वर्षांपूर्वी पश्चिम आशियात, सुमारे ३९० वर्षांपूर्वी आग्नेय आशियाकडे आणि सुमारे २७० वर्षांपूर्वी युरोपात पोहोचले. हे टप्पे अनुक्रमे इस्लामी राजवटींच्या व युरोपीय कंपन्यांच्या व्यापारकाळाशी जुळतात.

अर्थात जुळणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे. जनुकांवरून काढलेली वर्षे अंदाजी असतात आणि कोणत्या गलबतातून झुरळ गेले हे त्यांवरून कळत नाही. परंतु ते जाणे अवघड नव्हते, एवढे निश्चित. मादी अंड्यांची पेटी पिले बाहेर पडण्याच्या सुमारापर्यंत शरीरालाच चिकटवून वागवते आणि एका पेटीत तीस ते चाळीस अंडी असतात. त्यामुळे मालाच्या गाठोड्यात अशी एक मादी शिरली तरी नवी वसाहत होण्यास पुरेशी ठरे. उष्ण प्रदेशातील हा जीव युरोपच्या हिवाळ्यात तगला तो मात्र तेथील ऊबदार घरांच्या आश्रयाने. नामकरणाच्या नियमांत केवळ भूगोल चुकला म्हणून आधी दिलेले नाव बदलण्याची तरतूद नाही. तेव्हा ‘जर्मॅनिका’ हेच नाव कायम आहे.