दात, वेद आणि चार शून्यं

पोथ्या वाचायला शिकणाऱ्याला मी आधी पुष्पिका, म्हणजे पोथीच्या शेवटची नोंद, उलगडायला लावतो. लेखन कधी पुरं झालं ते तिथे सापडतं, पण साल पुष्कळदा आकड्यांऐवजी भूतसंख्येत, म्हणजे संख्या सुचवणाऱ्या शब्दांत, दडलेलं असतं.

ज्ञानेश्वरीचा शके १२१२ साध्या बोलीत सांगितलेला आहे. शेकडा तोंडाने उच्चारला की त्याचं स्थान आपोआप कळतं. इंग्रजीतही हंड्रेड, थाउजंड बोलूनच दाखवतात, मधलं रिकामं घर मुकाट वगळलं जातं. भूतसंख्येत मात्र एकं, दहं, शतं कुणी म्हणत नाही. नुसत्या वस्तूंची नावं ओळीने येतात आणि प्रत्येकाचं मोल जागेवरून ठरतं. म्हणून तिथे शून्यालाही शब्द लागतो: ख, अंबर, पूर्ण.

ब्रह्मगुप्ताने ६२८ साली ब्राह्मस्फुटसिद्धान्तात महायुगाची वर्षं याच रीतीने दिली. आधी चार ख, मग रद, मग वेद. एकंपासून सुरुवात करून डावीकडे सरकत मांडायचं. चार शून्यं मांडून झाली की रद, म्हणजे दात, ते बत्तीस. आणि वेद चार. झाली ४३,२०,००० वर्षं. एकट्या दातांनी दोन घरं व्यापली! इतकी मोठी संख्या इतक्या थोडक्या अक्षरांत मावते, याचं मला आजही अपार कौतुक वाटतं.

भास्कराचार्यांनी आपला जन्मशक रस, गुण, पूर्ण, मही असा दिला. ६, ३, ०, १. उलट मांडले की शके १०३६, म्हणजे इ.स. १११४. सिद्धान्तशिरोमणी वयाच्या कितव्या वर्षी रचला हे सांगताना रस-गुण हीच जोडी पुन्हा येते: छत्तीस. चाळीसगावजवळ पाटणला त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी नातवाने, चांगदेवाने, मठ उभारला. तिथला शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला.

एकासाठी मही, भू, चंद्र यांपैकी वृत्तात बसेल तो शब्द घ्यायचा. नक्कल करताना आकडा बिघडला तर पत्ता लागत नाही. शब्द बिघडला तर बहुधा वृत्तच अडखळतं. ही राखण मला फार मोलाची वाटते.

पण समुद्र कुठे चार, कुठे सात. तो शतकाच्या घरात आला की शके चौदाशे की सतराशे, असा तीनशे वर्षांचा पेच. अशा वेळी मी पुष्पिकेतला वार धरतो. दिलेली तिथी दोन्ही शकांत कोणत्या वारी पडली ते गणिताने काढायचं. जिथे वार जुळतो, तो शक घ्यायचा.