पत्रीची झाडे आणि त्यांवरची पाखरे : ग्वाल्हेरची ऋतुवार नोंद

ग्वाल्हेरची फुलपाखरे, पतंग आणि रानफुले यांची नोंद करायची तर सुरुवातीला जाडजूड पुस्तक लागत नाही. गणपतीच्या एकवीस पत्रींची यादी घरात असतेच. आम्ही तीच हाताशी घेतो. त्यातल्या बऱ्याच झाडांवर कोणती ना कोणती अळी वाढते, आणि मादी अंडी घालायला नेमके ते झाड हुडकते. झाड ओळखले की पाखरू सापडते.

अडचण येते ती नावांची. आपला आघाडा इथे चिरचिटा, रुई म्हणजे आक, माका म्हणजे भांगरा, शमी म्हणजे छोंकर. इथल्या माळ्याला ‘आघाडा’ कळत नाही. आपल्या नातवंडांना चिरचिटा ठाऊक असतो, पण तोच पत्रीतला आघाडा हे माहीत नसते. म्हणून वहीत दोन्ही नावे शेजारी शेजारी लिहितो.

रुईवर केशरी पंखांचे, काळ्या-पांढऱ्या टोकांचे ‘प्लेन टायगर’ येते. रुईच्या चिकातले विष अळीच्या अंगात मुरते, त्यामुळे पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत आणि ते निवांत उडते. ‘डॅनेड एगफ्लाय’ची मादी हुबेहूब त्याचे सोंग घेते. ओळखायची खूण अशी : प्लेन टायगरच्या मागच्या पंखावर मध्यभागी तीन-चार काळे ठिपके असतात, सोंग घेणारीच्या पंखावर वरच्या कडेला एकच. तिचा नर मात्र काळा, मोठ्या पांढऱ्या ठिपक्यांचा. आणि अळी रुईवर नव्हे, घोळीच्या भाजीवर.

बेल, लिंबू आणि कढीलिंबावर ‘लाइम’ फुलपाखराची अळी लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी होते. कण्हेरीवर ‘कॉमन क्रो’चा चांदीसारखा चकाकणारा कोष लटकतो, निळ्या डोळ्यांसारखे ठिपके असलेली जाड हिरवी अळी दिसली तर ती ‘ओलिअँडर हॉक’ पतंगाची. डाळिंबाच्या फळात शिरणारी अळीही एका फुलपाखराचीच, हे ऐकून बागवाल्यांना काही आनंद होत नाही!

फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो, पडीक जागी पिवळा धोतरा. मे महिन्यात दुपारी बाहेर पडून काही मिळत नाही. सकाळी लवकर बहाव्याची पाने पाहावीत, ‘कॉमन एमिग्रंट’ त्यांवर अंडी घालते. खरा हंगाम ऑगस्ट ते ऑक्टोबर : टाकळा, केना, विष्णुक्रांता, गोखरू. ‘पीकॉक पॅन्सी’ पावसाळ्यानंतर वेगळाच वेश घेते. पंखांच्या कडा टोकदार, खालची बाजू वाळक्या पानासारखी. दोन्ही वेश एकाच जातीचे, तेव्हा वेगळे नाव देऊ नये.

पतंगांसाठी गच्चीवर जुने पांढरे धोतर टांगून दिवा लावला की पुरे. पहिल्या पावसानंतर कातऱ्याचे पतंग येतात. मुरैन्याची गजक ज्या तिळाची, त्या तिळाच्या पिकावर पाठीवर कवटीचे चित्र असलेल्या पतंगाची अळी वाढते. हातात धरला तर तो चिरकतो. लोक अपशकुन म्हणून मारतात. तो बिचारा फार तर मधाच्या पोळ्यात चोरी करतो.

तारीख इंग्रजीच लिहावी. आपला श्रावण अमावास्येनंतर सुरू होतो, शेजाऱ्यांचा सावन पंधरा दिवस आधी पौर्णिमेनंतर. मध्ये अधिक मास आला तर आणखी घोळ. ‘श्रावणातला दुसरा सोमवार’ या नोंदीवरून पाऊस लांबला की पाखरे उशिरा आली, हे दहा वर्षांनी कोण सांगणार? चार्ल्स स्विन्हो यांनी १८८६ साली महूच्या पाखरांची यादी छापली. आज तिथे जाऊन ती पडताळता येते, कारण गावाचे नाव पक्के आहे. आपणही ‘ग्वाल्हेर’ एवढेच न लिहिता लष्कर, मुरार, तिघरा असे लिहावे. फेरी मारून काही दिसले नाही, तर तेही लिहावे.

स्वर्णरेखेचे पात्र सिमेंटचे झाले, आणि गणेशोत्सवाच्या आधी कॉलन्यांमधल्या रिकाम्या प्लॉटांची सफाई होते तेव्हा आघाडा आणि रुई आधी जातात. मग पत्रीची जुडी बाजारातून आणावी लागते, आणि तिच्यात कोणतीही पाने असतात. ज्यांच्या आवारात ही झाडे उरली आहेत त्यांनी पत्री खुडताना पान उलटून पाहावे. अळी असली तर ती फांदी सोडून शेजारची घ्यावी, आणि त्या दिवसाची तारीख वहीत टाकावी.