महाराष्ट्रातील ज्येष्ठ एलजीबीटी व्यक्तींसमोरील आव्हाने

महाराष्ट्रातील ज्येष्ठ एलजीबीटी व्यक्तींसमोरील आव्हाने म्हणजे समलिंगी, उभयलिंगी आणि पारलिंगी व्यक्तींना उतारवयात निवारा, शुश्रूषा, उत्पन्न व वारसा यांबाबत येणाऱ्या अडचणी होत. आजारपण आणि एकटेपणा कोणत्याही वृद्धाच्या वाट्याला येऊ शकतो. मात्र भारतात वृद्धांच्या काळजीची जबाबदारी मुख्यतः पती, पत्नी व अपत्ये यांच्यावर असते आणि बहुतेक कायदेही तेच गृहीत धरतात. त्यामुळे ज्यांचे सहजीवन कायद्याच्या 'कुटुंब' या व्याख्येत बसत नाही, त्यांच्या अडचणी वयानुसार वाढतात. पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर यांसारख्या ऊस पिकवणाऱ्या तालुक्यांत हा प्रश्न शेतजमीन, साखर कारखान्यातील नोकरी आणि गावातील घर यांच्याशी निगडित आहे.

पार्श्वभूमी

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राच्या लोकसंख्येत ६० वर्षे व त्यावरील व्यक्तींचे प्रमाण ९.९ टक्के होते. याच जनगणनेत प्रथमच स्त्री व पुरुष यांव्यतिरिक्त 'इतर' असा पर्याय देण्यात आला. त्याखाली देशात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ व्यक्तींची नोंद झाली. लैंगिक कलाविषयी जनगणनेत प्रश्न नसल्याने समलिंगी व उभयलिंगी ज्येष्ठांची गणना झालेली नाही.

भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ नुसार समलिंगी संबंध गुन्हा ठरत. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी प्रौढांमधील संमतीचे खाजगी संबंध या कलमातून वगळले. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी तो निर्णय रद्द केला. पुढे ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेजसिंग जोहर खटल्यात घटनापीठाने हे संबंध गुन्हेगारीच्या कक्षेतून कायमचे बाहेर काढले. १९५८ च्या आरंभी जन्मलेल्या व्यक्तीने तोवर साठी ओलांडली होती. या पिढीतील अनेकांनी घरच्यांच्या आग्रहास्तव विरुद्धलिंगी विवाह केले, तर काही जण अविवाहित राहिले. आपली ओळख लपवण्याची सवय आयुष्यभर अंगवळणी पडल्यामुळे डॉक्टर, नातेवाईक किंवा शासकीय कर्मचारी यांच्याकडे मोकळेपणाने मदत मागणे त्यांना कठीण जाते.

जोडीदाराची कायदेशीर मान्यता

बारामती लोकसभा मतदारसंघाच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी १ एप्रिल २०२२ रोजी लोकसभेत विशेष विवाह अधिनियम, १९५४ मध्ये दुरुस्ती सुचवणारे खाजगी विधेयक मांडले. बारामती व इंदापूर हे दोन्ही विधानसभा मतदारसंघ याच लोकसभा मतदारसंघात येतात. समलिंगी जोडप्यांना विवाहाचा अधिकार द्यावा आणि कायद्यातील 'पती' व 'पत्नी' या शब्दांऐवजी 'जोडीदार' हा शब्द योजावा, असे त्यात सुचवले होते. दोन्ही व्यक्ती पुरुष असल्यास २१ आणि दोन्ही स्त्रिया असल्यास १८ ही किमान वयोमर्यादा प्रस्तावित होती. विधेयक संमत झाले नाही आणि २०२४ मध्ये सतरावी लोकसभा विसर्जित झाल्यावर ते व्यपगत झाले.

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी सुप्रियो विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला व हा विषय कायदेमंडळाचा असल्याचे म्हटले. या निकालावरील पुनर्विलोकन याचिका ९ जानेवारी २०२५ रोजी फेटाळण्यात आल्या. निकालानंतर केंद्र सरकारने एप्रिल २०२४ मध्ये मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्याच वर्षी समलिंगी जोडप्यांना संयुक्त बँक खाते उघडण्यास व जोडीदाराचे नामनिर्देशन करण्यास आडकाठी नसल्याचे केंद्राने स्पष्ट केले. शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांना एकाच कुटुंबातील मानावे, तसेच जवळचे नातेवाईक उपलब्ध नसल्यास जोडीदाराला पार्थिव ताब्यात घेता यावे, अशा सूचनाही राज्यांना देण्यात आल्या.

मालमत्ता व वारसा

मृत्युपत्र न करता अविवाहित हिंदू पुरुषाचे निधन झाल्यास हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ नुसार मालमत्ता आई, वडील, भावंडे व त्यांच्यानंतर इतर नातेवाईक यांच्याकडे क्रमाने जाते. अनेक वर्षे सोबत राहिलेल्या जोडीदाराचे नाव या क्रमात कोठेही येत नाही. मृत व्यक्ती विवाहित असल्यास पत्नी व अपत्ये वारस ठरतात. बँक खात्यावरील नामनिर्देशनानेही हा प्रश्न सुटत नाही, कारण नामनिर्देशित व्यक्तीने रक्कम स्वीकारली तरी अंतिम हक्क वारसांचाच राहतो.

यावर मृत्युपत्र हा मुख्य उपाय आहे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ नुसार मृत्युपत्रावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक असतात. नोंदणी बंधनकारक नाही. शेतजमिनीबाबत मात्र आणखी एक अडचण आहे. पश्चिम महाराष्ट्राला लागू असलेल्या १९४८ च्या कूळवहिवाट व शेतजमीन कायद्याचे कलम ६३ बिगर-शेतकऱ्याकडे शेतजमीन हस्तांतरित करण्यास प्रतिबंध करते. याच कायद्याच्या गुजरातमधील तरतुदींचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने १५ जून २०२० रोजी मृत्युपत्राद्वारे बिगर-शेतकऱ्याला दिलेली जमीनही या प्रतिबंधात येते, असा निर्णय दिला. त्यामुळे नीरा डाव्या कालव्याच्या किंवा उजनी जलाशयाच्या पाण्यावर जोडीने शेती केली, तरी सातबारा एकाच्याच नावे असल्यास आणि दुसरा कायद्याच्या दृष्टीने शेतकरी नसल्यास मागे राहणाऱ्याचा जमिनीवरील हक्क धोक्यात येऊ शकतो.

साखर कारखाने व औद्योगिक वसाहतीतील कामगारांना लागू होणाऱ्या १९५२ च्या कर्मचारी भविष्य निर्वाह निधी योजनेनुसार, सभासदाला योजनेच्या व्याख्येतील कुटुंब असल्यास नामनिर्देशन त्या कुटुंबातील व्यक्तीचेच करावे लागते. पुरुष सभासदाच्या कुटुंबात पत्नी व अपत्यांबरोबर अवलंबून असलेल्या आईवडिलांचाही समावेश होतो. असे कुटुंब नसेल तरच इतर कोणाचेही नाव देता येते.

आरोग्य व शुश्रूषा

शस्त्रक्रियेच्या संमतीसाठी किंवा अतिदक्षता विभागातील भेटीसाठी रुग्णालयांत सहसा रक्ताच्या वा विवाहाच्या नातेवाइकाला विचारले जाते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये वेगळी तरतूद आहे. त्यानुसार रुग्णाला आपला प्रतिनिधी म्हणून कोणत्याही सज्ञान व्यक्तीची लेखी नियुक्ती करता येते आणि उपचारांत लैंगिक कलावरून भेदभाव करता येत नाही. असाध्य आजारातील उपचार थांबवण्याबाबतचे पूर्वनिर्देश सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी वैध ठरवले. त्याची प्रक्रिया २४ जानेवारी २०२३ रोजी सुलभ करण्यात आली.

एचआयव्हीसह जगणाऱ्या ज्येष्ठांना उपचार दीर्घकाळ घ्यावे लागतात. शासकीय केंद्रांवर ही औषधे २००४ पासून मोफत मिळू लागली. वयोमानानुसार मधुमेह, हृदयविकार आदी आजारांची त्यात भर पडते. लहान गावांत ओळख उघड होण्याच्या भीतीने काही रुग्ण दूरच्या केंद्रात उपचार घेणे पसंत करतात. वय वाढल्यावर हा प्रवास अवघड होतो.

पारलिंगी ज्येष्ठ व्यक्ती

हिजडा समुदायातील गुरू-चेला परंपरेत वृद्ध गुरूची काळजी चेल्यांनी घेण्याची प्रथा आहे. घराण्याबाहेर राहणाऱ्या पारलिंगी व्यक्तींना हा आधार मिळत नाही. वृद्धाश्रमांतील व्यवस्था सामान्यतः स्त्री व पुरुष अशी विभागलेली असल्याने तेथेही प्रवेशाची अडचण येते.

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या नाल्सा निकालात पारलिंगी व्यक्तींची स्वतंत्र ओळख मान्य केली. २०१९ च्या पारलिंगी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियमाने जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळख प्रमाणपत्र देण्याची तरतूद केली. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये तृतीयपंथीयांसाठी कल्याण मंडळ स्थापन केले. राज्याच्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेत ६५ वर्षांखालील तृतीयपंथी, तसेच ३५ वर्षांवरील अविवाहित स्त्रिया उत्पन्नाच्या अटीवर पात्र ठरतात. त्यामुळे निराधार समलिंगी स्त्रीला 'अविवाहित' म्हणून अनुदान मिळू शकते. तिच्या सहजीवनाची मात्र नोंद होत नाही. ६५ वर्षांनंतर श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना लागू होते. दोन्ही योजनांचे अर्ज तहसील कार्यालयामार्फत स्वीकारले जातात.

संस्था व आधारगट

मुंबईत १९९४ मध्ये अशोक राव कवी यांनी हमसफर ट्रस्टची, तर पुण्यात २००२ मध्ये बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्टची स्थापना केली. मुंबईतील 'सीनेजर्स' हा गट ज्येष्ठ समलिंगी पुरुषांसाठी काम करतो. हे काम मोठ्या शहरांत केंद्रित असल्याने तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्या ज्येष्ठांना सल्ल्यासाठी पुण्या-मुंबईशी संपर्क साधावा लागतो. मृत्युपत्र, नामनिर्देशन व पूर्वनिर्देश हे उपाय व्यक्ती सक्षम असतानाच करावे लागतात. त्यांची माहिती वेळेत न मिळाल्यास घर, शेती आणि अंत्यविधी यांबाबतचे निर्णय जोडीदाराऐवजी नातेवाइकांच्या हाती जातात.