ओचा, पर्स आणि लांब ढांग

आजीचा सगळा ऐवज तिच्या ओच्यात असायचा. नऊवारीच्या निऱ्या पोटाशी खोचताना ती त्यांचा थोडा भाग वर ओढून खोलगट जागा करायची. तिथे सुपारीचं खांड, मूठभर शेंगा, बाजारातून उरलेले दोन-चार आणे. भांगलायला वाकली तरी त्यातलं काही सांडत नसे.

तिची रोजची लुगडी इचलकरंजीची. तिथे १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग बसला आणि १९०६ मध्ये कोल्हापुरात शाहू मिलची मुहूर्तमेढ रोवली गेली. सणाला मात्र इरकली लुगडं आणि गुळेदगुडच्या खणाची, पुढे गाठ मारायची चोळी. कासोटा घट्ट मारला की आजी चिखलात उतरायची आणि चालत्या बैलगाडीतही चढायची.

आत्याचं ऐकलं की दुसरंच कोल्हापूर दिसतं. बाबूराव पेंटरांच्या ‘सैरंध्री’त १९२० मध्ये बायकांच्या भूमिका बायकांनीच केल्या. १९३८ मध्ये हंस पिक्चर्सच्या ‘ब्रह्मचारी’त मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात पडद्यावर आल्या. त्याच शहरात, त्यानंतर काही वर्षांनी, आजोबांनी आत्याला पाचवारी नेसायला साफ मनाई केली होती. कासोटा सोडणं म्हणजे घराण्याची रीत सोडणं, असं त्यांचं म्हणणं.

आत्या मास्तरणीच्या ट्रेनिंगला जायची. घरातून नऊवारीत निघायची, मंगळवार पेठेतल्या मैत्रिणीकडे गोल साडी आणि फुग्यांच्या बाह्यांचं पोलकं घालायची, परतताना पुन्हा लुगडं. पहिला पगार झाला त्या दिवशी ती पाचवारीतच घरी आली आणि पैसे आजोबांसमोर ठेवले. आजोबा काही बोलले नाहीत. आजीनं मात्र तिला उंबऱ्यापासून चुलीपर्यंत चालताना निरखलं.

“पाऊल आखूड पडतंय की गं तुझं. आन् पैसं ठेवतीस कुठं?”

आत्यानं पर्स दाखवली.

आईच्या तरुणपणी महाद्वार रोडच्या दुकानांत नायलॉन आलं. तिला त्याच्या झुळझुळीपेक्षा त्याचं वाळणं मोलाचं वाटे. रात्री धुतलेली साडी सकाळी, इस्त्रीविना, नेसून ऑफिसची बस गाठता यायची. पुढे मी शिवाजी विद्यापीठात जाऊ लागले, लुना चालवायची म्हणून पंजाबी ड्रेस शिवला. आईला तो पटेना. म्हाताऱ्या आजीनं सलवारीचं कापड चिमटीत धरून पाहिलं आणि मला अंगणात चालायला लावलं. “ह्यात ढांग पडती बघ. घालू दे तिला.”

नऊवारी मागासलेली, पाचवारी सुधारलेली आणि ड्रेस आधुनिक, अशी उतरंड कुणी मांडली की मला आजीची ती पारख आठवते. बाईला पाऊल किती लांब टाकता येतं आणि तिचे पैसे कुठे राहतात, हे दोनच प्रश्न तिनं प्रत्येक कपड्याला विचारले. पाचवारीनं आत्याची ढांग आखूड केली, पण तिला शाळेपर्यंत आणि पगारापर्यंत नेलं. म्हणून फॅशनचा इतिहास लिहिताना काठ, पोत आणि नट्यांबरोबर त्या कपड्यात बाई कुठवर पोचली, हेही लिहायला हवं. आमच्या घरात तरी कपडा बदलला तो तिला कुठे तरी जायचं होतं म्हणून.