चांगदेवांचा कोरा कागद आणि नाथांची प्रत

दौंड-मनमाड लाइनवर शिर्डीचा फाटा जिथे फुटतो ते पुणतांबा. गोदावरीकाठी तिथे चांगदेवांची समाधी आहे. ज्ञानदेवांना पत्र लिहिताना मायना काय घालावा (ज्ञानाने थोर, पण वयाने लहान!) हे सुचेना, म्हणून त्यांनी कागद कोराच धाडला आणि उत्तरादाखल ६५ ओव्यांची 'चांगदेव पासष्टी' आली, अशी परंपरा आहे.

आमच्या धंद्यात कोरा कागद म्हणजे शून्य बाइटची फाइल. सेव्ह होताना ॲप मध्येच कोसळलं की अशी फाइल तयार होऊ शकते, आणि तिची वेळ सगळ्यात ताजी असते. 'शेवटी आलेली तीच खरी' एवढंच कळणारं सिंक मग ती तुमच्या भरलेल्या फाइलवर चढवून मोकळं होतं. लॅपटॉपवर, ऑफिसात, फोनवर, सगळीकडे. चार ठिकाणी प्रती आहेत म्हणून निर्धास्त राहणारे इथेच फसतात.

हा प्रश्न आपल्याकडे जुनाच. ज्ञानेश्वरी १२९० ची, नेवाशाची, म्हणजे याच जिल्ह्यातली. पुढची तीनेकशे वर्षं ती हाताने उतरवली गेली. कुणाचा शब्द चुकला, कुणी न कळलेला शब्द बदलला, कुणी स्वतःची ओवी घुसडली. प्रत्येक प्रत 'ऑफलाइन' एडिट होत होती म्हणा ना! १५८४ मध्ये, याच गोदावरीवर खाली पैठणला, एकनाथांनी हे पाठभेद निवडून शुद्ध प्रत सिद्ध केली. वर, यात कुणी आपली ओवी घालू नये अशी ताकीदही देऊन ठेवली.

असलं काम मशीनवर सोपवण्यासारखं नाही. म्हणूनच एक फाइल दोन ठिकाणी बदलली की ड्रॉपबॉक्स जोडाजोडीच्या भानगडीत न पडता दुसरी 'कॉन्फ्लिक्टेड कॉपी' म्हणून शेजारी ठेवतं. लोक वैतागून ती उडवतात. आधी उघडा, ताडून पाहा, मग काय ते ठरवा.

अर्थात नाथांच्या प्रतीतही एक मेख आहे. पुढे तीच सगळीकडे रूढ झाली आणि जुने पाठ मागे पडले. १९०९ मध्ये वि. का. राजवाड्यांनी एक जुनी पोथी एकनाथपूर्व म्हणून छापली. तिच्या वयावरून पंडितांचे वाद झाले. पण वाद घालायला जुनी पोथी हाती तर होती! कारण नवी प्रत आली म्हणून ती पुसली गेली नव्हती.

सिंकमध्ये नेमकं तेच होतं. इथे खोडलं की तिथेही खोडलं जातं. गूगल ड्राइव्हचा ट्रॅशदेखील ३० दिवसांनी आपोआप रिकामा होतो. म्हणून मी दर रविवारी कामाचं फोल्डर त्या दिवसाच्या तारखेच्या नावाने बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवतो, आधीच्या रविवारचं तसंच ठेवतो आणि केबल काढून डिस्क कपाटात टाकतो. चहा उकळेपर्यंत काम होतं.