संज्ञाप्रवाह : शब्द कोणाचा, सिद्धान्त कोणाचा?

बा. सी. मर्ढेकरांची ‘रात्रीचा दिवस’ (१९४२) शिकवताना आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर एक वाक्य लिहीत आलो : ‘संज्ञाप्रवाह’ हा शब्दप्रयोग मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये प्रथम केला. विद्यार्थी ते उतरवून घेत, उत्तरपत्रिकेत लिहीत आणि आम्ही त्याला गुण देत असू. मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून साहित्याच्या टिपणांत उतरलेले हे वाक्य चुकीचे आहे.

हा इंग्रजी शब्दप्रयोग स्कॉटिश तत्त्वज्ञ अलेक्झांडर बेन यांच्या ‘द सेन्सेस अँड द इंटलेक्ट’ (१८५५) या ग्रंथात आधीच आढळतो. त्या वर्षी जेम्स अवघे तेरा वर्षांचे होते. ‘द प्रिन्सिपल्स ऑफ सायकॉलॉजी’मधील (१८९०) त्यांच्या गाजलेल्या प्रकरणाचे शीर्षकही ‘विचारप्रवाह’ असे आहे. त्याच ग्रंथाच्या १८९२ च्या संक्षिप्त आवृत्तीत ते ‘संज्ञाप्रवाह’ झाले.

मग जेम्स यांचे श्रेय काढून बेन यांना द्यावे काय? प्रश्न इतका सरळ नाही. बेन साहचर्यवादी होते. वेगवेगळ्या इंद्रियांच्या संवेदना एका सामाईक प्रवाहात एकत्र येतात, म्हणून त्यांची परस्परांशी सांगड बसते, एवढेच त्यांना म्हणायचे होते. संवेदना सुट्या असतात हे तेथे गृहीतच आहे. जेम्स यांनी आघात केला तो नेमका या गृहीतावर. जाणीव तुकड्यातुकड्यांनी जोडलेली नसते, ती अखंड वाहते, असे ते म्हणतात. म्हणजे साहचर्यवाद्यांच्या ग्रंथात आधीच असलेला शब्द जेम्स यांनी साहचर्यवादाच्याच विरोधात उभा केला! ‘प्रथम वापरला’ या दोन शब्दांत हा सारा वाद गडप होतो आणि जेम्स यांचे खरे कर्तृत्व विद्यार्थ्याला कळतच नाही. चुकीचे श्रेय ज्याला मिळते, त्याच्यावरही ते असा अन्याय करते.

पुढचा अन्याय आपल्या प्रांतातला आहे. हा शब्द कादंबरीच्या समीक्षेत रूढ झाला तो मे सिंक्लेअर यांच्या १९१८ च्या लेखामुळे. डोरोथी रिचर्डसन यांच्या कादंबऱ्यांविषयी लिहिताना त्यांनी तो योजला. रिचर्डसन यांची ‘पॉइंटेड रूफ्स’ १९१५ मध्ये आली. जॉइसची ‘युलिसिस’ पुस्तकरूपाने आली ती १९२२ मध्ये. रिचर्डसन यांना स्वतःला तर हे रूपक मुळीच पसंत नव्हते. तरीही आमच्या टिपणांत जेम्सनंतर थेट जॉइस येतात. मधल्या दोन्ही स्त्रिया गायब! कोणी कट केला म्हणून नव्हे, तर एक शब्द, एक नाव आणि एक साल एवढेच पाठ करणे सोपे जाते म्हणून. पाठ्यपुस्तक मूळ ग्रंथ न उघडता आधीच्या पाठ्यपुस्तकावरून लिहिले जाते आणि शिक्षक त्याच्यावरून टिपण काढतो. त्या शिक्षकांत आम्हीही आलो.

श्रेय अचूक देणे हा केवळ शिष्टाचार नव्हे. शब्द कोणी योजला, त्यात सिद्धान्त कोणी भरला आणि तो साहित्यात कोणी आणला, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे वेगळी ठेवली तरच कल्पनेचा प्रवास दिसतो, आणि मर्ढेकरांनी नेमका कोणता वारसा पत्करला हे तपासण्याची वाट मोकळी होते. फळ्यावरचे ते वाक्य आम्ही आता पुसले आहे. ज्या उत्तरपत्रिकांना त्यासाठी गुण दिले, त्या मात्र परत मागवता येणार नाहीत.